‘अर्थमंथन’ फक्त विद्यार्थ्यांसाठी

मंगळवार, १ जुलै

आजपासून रोजनिशी. गेल्या वर्षीची चौदा जानेवारीला बंद पडली, त्याला पेन जबाबदार होतं. या वर्षी दोन पेनं घेतली आहेत.

बावीस वर्षं बारावी कॉमर्सला अर्थशास्त्र शिकवतोय. बावीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला प्रश्न विचारलेला नाही. ‘काही शंका?’ असं मी प्रत्येक तासाच्या शेवटी विचारतो. नेमकी तेव्हाच बेल होते. मुलं माझ्या ज्ञानाने दबून जातात हे उघड आहे. समोरासमोर तोंड उघडत नाही. म्हणून या वर्षी ऑनलाइन चर्चापीठ काढायचं. घरबसल्या, न घाबरता विचारा. नाव ठरलं: ‘अर्थमंथन’.

दिवाळीनंतर कॉलेजात पर्यवेक्षकाची जागा रिकामी होते आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. सहज लिहून ठेवलं.

गुरुवार, ३ जुलै

प्राचार्य आबिदा मॅडमची परवानगी मिळाली. मॅडमनी विचारलं, सगळ्या मुलांकडे फोन आहेत का? मी म्हटलं, आजकाल कुणाकडे नसतो? मॅडम आणखी काही सांगत होत्या, पण मी आभार मानून बाहेर पडलो. परवानगी घेऊन लगेच उठावं, हे मी अनुभवातून शिकलो आहे.

आयटीचे भावेश सर मदत करायला तयार आहेत. वय एकोणतीस. बूट पांढरे. पर्यवेक्षकपदासाठी त्यांचंही नाव कुणीतरी घेतं म्हणे. चांगला मुलगा आहे, पण चर्चापीठ चालवायला पोक्तपणा लागतो.

शनिवार, ५ जुलै

आज नंबर गोळा केले. भावेश सर म्हणाले, वर्गात कागद फिरवा, मुलं आपापला नंबर लिहितील. मला हसू आलं. वर्गात फिरवलेल्या कागदावर काय काय लिहून येतं, ते त्यांना अजून माहीत नाही. मी सरळ ऑफिसात गेलो आणि प्रवेश अर्जांची फाइल काढली. ‘संपर्क क्रमांक’ हा रकाना सुबक भरलेला. बासष्ट मुलं, बासष्ट नंबर. भावेश सर म्हणत होते की सर, त्या रकान्यात बहुतेक... मी त्यांना हातानेच थांबवलं. मुलाचं नाव आणि समोर नंबर अशी यादी त्यांच्या हातात दिली. अर्ध्या तासात काम फत्ते.

मंगळवार, ८ जुलै

‘अर्थमंथन’ सुरू. सगळ्या नंबरांवर मेसेज गेला: ‘आपल्या कॉलेजचे चर्चापीठ. सहभाग सक्तीचा. सहभाग न घेतल्यास अंतर्गत वीस गुण जातील.’ जो आत येईल त्याचं नाव यादीप्रमाणे आपोआप दिसतं. एकवीस नियम लिहून वर टाकले. नियम चौथा: चर्चापीठ फक्त विद्यार्थ्यांसाठी. मग स्वागतपर लेख टाकला, चौदाशे शब्दांचा. ॲडम स्मिथपासून आमच्या भिवंडीच्या यंत्रमागांपर्यंत सगळं त्यात आणलं.

संध्याकाळपर्यंत एकसष्ट जणांनी पाहिला. प्रतिक्रिया शून्य. मुलं विचार करत असणार.

गुरुवार, १० जुलै

अजून विचार करत आहेत.

पूर्वी तुळशीराम भोईर या विद्यार्थिनीने सकाळी साडेसहाला गुलाबाचा फोटो टाकला. वर ‘शुभ सकाळ’, खाली ‘माणसं जोडत चला’. मी नियम अकरावा (‘विषयांतर करू नये’) तिला पाठवला. तिने त्यावर हात जोडलेले पाठवले. सुधारेल.

शुक्रवार, ११ जुलै

आनंदाचा दिवस. आज सकाळपासून ‘अर्थमंथन’ वाहतंय. मी प्रश्न टाकला होता, किंमत वाढली की मागणी नेहमी घटते का? दुपारपर्यंत सतरा उत्तरं. त्यातलं सिदरा मुख्तार हिचं उत्तर जसंच्या तसं उतरवून घेतो: ‘नेहमी नाही सर. सूत महाग झालं तरी लूम बंद ठेवता येत नाही. बंद ठेवला तर कारीगर गावाला निघून जातो आणि परत येत नाही. मग स्वस्त सूत घेऊन काय करायचं.’

सतरा वर्षांची मुलगी. वर्गात दुसऱ्या बाकावर बसते, आजवर आवाज ऐकलेला नाही. मी लगेच लिहिलं, ‘शाब्बास बाळ, अशीच प्रगती कर.’ तिने उत्तर दिलं, ‘शुक्रिया सर.’ किती नम्र.

शुक्रवारीच एवढी उत्तरं का आली, याचा विचार केला. शुक्रवारी माझे लागोपाठ दोन तास असतात. सलग नव्वद मिनिटं मला ऐकल्यावर मुलं पेटून उठतात. याला मी ‘शुक्रवार परिणाम’ असं नाव दिलं आहे.

संध्याकाळी फिरायला गेलो. लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असल्यामुळे गल्लीत शांतता होती, विचार करायला बरं वाटलं.

मंगळवार, १५ जुलै

वर्गात सिदराला उभं केलं आणि म्हटलं, तुझा सुताचा मुद्दा सगळ्यांना समजावून सांग. ती पायांकडे बघत राहिली. मागून कुणीतरी हसलं. पूर्वी काहीतरी सांगायला उठत होती, तिला मी खाली बसवलं. मग सिदराचा मुद्दा मीच समजावून सांगितला, चाळीस मिनिटं. बेल झाली.

याच वर्गातल्या यहयाने ‘अर्थमंथन’वर लिहिलं आहे, ‘सर, आज दोन गाड्या खाली करायच्या आहेत, गोडाऊनमध्ये माणसं कमी आहेत, उत्तर उद्या देतो.’ शिकता शिकता गोडाऊनमध्ये काम करतो. मी वर्गात सगळ्यांना त्याचा आदर्श घ्यायला सांगितलं. यहया लाजला.

शुक्रवार, १८ जुलै

एकतीस उत्तरं. शुक्रवार परिणाम सिद्ध झाला. आलेख काढला.

आजचा विषय श्रमविभागणी. सिदरा लिहिते, ‘कांडी भरणारी वेगळी, बीम भरणारा वेगळा, लूम चालवणारा वेगळा, कापडाची घडी घालणारा वेगळा. चारपैकी एक आजारी पडला की चौघं बसून. किताबात फायदे दिलेत ते ठीक आहेत, पण हे पण लिहायला पाहिजे.’ मी लिहिलं, ‘बाळ, तू मोठेपणी नाव काढशील.’ यावर बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, ‘सर, दुआ करा.’

यहयाच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आठ दिवस चर्चेत येता येणार नाही, असं कळवलं आहे. मी पीटीच्या सरांना चिठ्ठी दिली.

गुरुवार, २४ जुलै

यहया मैदानावर फुटबॉल खेळताना दिसला. इच्छाशक्ती म्हणतात ती हीच.

शुक्रवार, १ ऑगस्ट

कमळने आज ‘अर्थमंथन’ वाचलं. कमळ माझी पत्नी. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. वाचून म्हणाली, ही मुलांची भाषा नाही. तिच्या तिसरीच्या पालकांच्या ग्रुपवर पालक असंच लिहितात, तिथेही सगळे पोराच्याच नावाने ओळखले जातात. आणि कॉलेजात मोबाइलबंदी असताना दुपारी बाराला उत्तरं कोण देतं?

मी तिला शांतपणे समजावलं की प्राथमिक आणि उच्च माध्यमिक यांत फरक असतो. आमच्या वयोगटात प्रगल्भता असते. बारा वाजता आलेली उत्तरं मुलांनी सकाळीच लिहून ठेवलेली असतात, ती बाराला पोहोचतात. नेट स्लो आहे.

कमळ भाजी निवडायला गेली. तिला पटलं असावं.

बुधवार, ६ ऑगस्ट

पूर्वी ऐकत नाही. रोज सकाळी साडेसहा. गुलाब, झेंडू, कमळ, उगवता सूर्य, एकदा मोर. चर्चेत एक अक्षर नाही, फक्त फुलं. आज वर्गात तिला उभं करून विचारलं, हा काय प्रकार आहे? ती म्हणाली, ‘सर, ती फुलं मी...’ मी म्हटलं, कारणं नकोत. ती पुन्हा म्हणाली की सर, ऐका ना. मी म्हटलं, वीस गुणांचा प्रश्न आहे, ऐकायचं तू आहेस. ती खाली बसली. डोळे भरले होते. पश्चात्तापाची पहिली पायरी.

हुशार मुलगी आहे खरं तर. अकरावीत अकाउंट्सला पहिली होती. सीए व्हायचं म्हणते. पण फुलं पाठवून कुणी सीए होत नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

पूर्वीच्या वडिलांना बोलावून घेतलं. तुळशीराम भोईर, वडप्याचे. जमिनीवर गोडाऊनं उभी राहिली आहेत, गळ्यात चेन, बाहेर स्कॉर्पिओ. पण शिक्षकासमोर खुर्चीच्या कडेला बसणारा माणूस.

मी विषय अलगद मांडला. म्हटलं, आपली कन्या आभासी माध्यमातून रोज पहाटे पुष्पचित्रांचं प्रक्षेपण करते. ते म्हणाले, म्हंजे? मी म्हटलं, फोनवरून फुलं पाठवते. त्यांनी विचारलं, कोनाला? मी म्हटलं, साठेक जणांना. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, तिच्याकडं फोनच न्हाय, मी दिलाच न्हाय.

म्हणजे चोरून वापरते. बापाला पत्ताच नाही. मला त्यांची दया आली. पुरावा दाखवणार होतो, पण माझं नेट चालू नव्हतं, आणि माझा शब्द पुरेसा असतो. ते उठले, हात जोडले आणि गेले. पालकांशी संवाद साधण्याची ही हातोटी पर्यवेक्षकाला आवश्यक असते.

गुरुवार, १४ ऑगस्ट

सकाळी साडेसहा. तिरंगी फुलं. पूर्वी भोईर.

कमालीची निर्ढावलेली मुलगी.

सोमवार, १८ ऑगस्ट

पूर्वी गैरहजर. सिदराला विचारलं. ती म्हणाली, घरी खूप झडती झाली, वह्यापुस्तकं, गादी, तांदळाचा डबासुद्धा. फोन मिळाला नाही. सिदरा अजून काही सांगणार होती, पण तिला मला समितीच्या कार्यक्रमाचं सांगायचं होतं, ते राहून जाऊ नये म्हणून मीच बोललो. संस्थेची नवोपक्रम समिती येणार आहे. तीन माणसं. त्यांच्यासमोर ‘अर्थमंथन’चं प्रात्यक्षिक, आणि स्टेजवर सिदरा. ती म्हणाली, मी नको सर. मी म्हटलं, मोठी माणसं आधी असंच म्हणतात.

समितीने सोळा, सतरा, एकोणीस सप्टेंबर अशा तारखा दिल्या होत्या. मी एकोणीस घेतली. शुक्रवार आहे.

गुरुवार, २१ ऑगस्ट

फुलं चालूच. म्हणजे दुसरा फोन आहे. कमळला सांगितलं, तर ती म्हणाली, मुलगी घरात कोंडलेली, झडती झालेली, मग फुलं पाठवतंय कोण, एवढं तरी स्वतःला विचारा. मी म्हटलं, म्हणूनच तर दुसरा फोन. ती माझ्याकडे बघत राहिली. तिसरीच्या मुलांकडे ती असंच बघत असणार.

दुपारी तुळशीरामांना फोन करून दुसऱ्या फोनची कल्पना दिली.  ते म्हणाले, बघतो सर.

मंगळवार, २ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी. पाहुण्यांसमोर ‘अर्थमंथन’ उघडून दाखवलं. आतापर्यंत चारशे बारा उत्तरं. मला आलेले प्रश्न: शून्य. उत्तरं देतात, पण विचारत नाहीत. एकदा यहयाने विचारलं होतं, ‘सर, हे कधीपर्यंत चालणार आहे?’ तो प्रश्न अर्थशास्त्रात धरता येत नाही.

पूर्वीकडून गणपती, मोदक, दूर्वा. निदान प्रसंगाला धरून पाठवते.

सोमवार, ८ सप्टेंबर

कॉलेज सुरू. पूर्वी नाही. सिदराकडून कळलं की तिला पडघ्याला मामांकडे पाठवलं आहे. कॉलेज बंद. तुळशीराम म्हणतात, बारावीबिरावी काही नको आता.

हे थोडं जास्त झालं. मी फक्त फुलं थांबवायला सांगितली होती. बारावीचा बोर्डाचा फॉर्म बुधवार, चोवीस तारखेपर्यंत भरायचा आहे, त्यावर विद्यार्थ्याची सही वर्गशिक्षकासमोर लागते. वर्गशिक्षक मी. तोपर्यंत वडिलांचा राग उतरेल. शिस्त म्हटलं की थोडं सोसावं लागतं. तरी जेवताना सारखं तेच मनात येत होतं. भात ठेवला.

गुरुवार, ११ सप्टेंबर

तुळशीरामांना दोनदा फोन केला, उचलला नाही. तिसऱ्यांदा करणार होतो, पण अहवालाची छपाई होती. ‘शुक्रवार परिणाम: एक अभ्यास’, रंगीत आलेखासह, चौदा पानं. भावेश सरांनी वाचला आणि विचारलं, सर, शुक्रवारी भिवंडीत आणखी काय असतं? मी म्हटलं, माझे दोन तास. त्यांनी अहवाल मिटून परत दिला. वाईट वाटलं असणार त्यांना, स्पर्धेत मागे पडल्याचं.

पूर्वीकडून आज जाई. पडघ्यालाही नेट आहे तर.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सगळी तयारी झाली. मोठा पडदा, प्रोजेक्टर, स्टेजवर सिदरासाठी शाल. उद्याच्या दिवसापुरती आबिदा मॅडमकडून मोबाइलबंदी उठवून घेतली. म्हटलं, मुलं समितीसमोर फोनवरून थेट उत्तरं देतील. मॅडमनी पुन्हा विचारलं, केसरीनाथ सर, मुलांकडे फोन आहेत ना? मी हसून होकार दिला. बावीस वर्षांच्या श्रद्धेचं फळ उद्या.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

काही लिहायचं नाही.

लिहितो.

साडेअकरा वाजता हॉल भरला. समितीचे तिघं पहिल्या रांगेत, मध्ये आबिदा मॅडम. मी वीस मिनिटं प्रास्ताविक केलं. मग म्हटलं, मुलांनो, फोन काढा. सहा जणांनी काढले. बाकीचे एकमेकांकडे बघत बसले. मी समितीला म्हटलं, मोबाइलबंदी यांच्या अंगात इतकी मुरली आहे. समितीने मान हलवली.

मग सिदराला स्टेजवर बोलावलं, शाल घातली. म्हटलं, हीच ती विद्यार्थिनी, जिने श्रमविभागणीच्या पुस्तकी मांडणीला आव्हान दिलं. ती माझ्या शेजारी उभी होती, दोन्ही हातांत शालीची टोकं धरून. मी ‘अर्थमंथन’वर टाइप केलं, ‘बाळ, तयार आहेस का?’

पडद्यावर लगेच उत्तर आलं, सिदरा मुख्तार या नावाने: ‘जी सर. आज लूमला सुट्टी आहे, घरीच आहे. विचारा.’

मी पडद्याकडे पाहिलं, मग सिदराकडे. तिचे हात शालीत होते. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. तेवढ्यात पडद्यावर फूल आलं. सोनचाफा. ‘शुभ शुक्रवार, कार्यक्रमाला शुभेच्छा.’ पूर्वी तुळशीराम भोईर.

आबिदा मॅडमनी विचारलं, ही पूर्वी कुठे बसली आहे? आणि वर्गात जिने दोन महिन्यांत तोंड उघडलं नव्हतं ती सिदरा माइकसमोर म्हणाली, ‘मॅडम, पूर्वी पडघ्याला आहे. तिच्याकडे फोन नाही, कधीच नव्हता. तो तिच्या बाबांचा नंबर आहे. माझा अब्बांचा आहे. सगळ्यांचे घरचेच नंबर आहेत.’

मॅडम म्हणाल्या, ‘मग आजवर सांगितलं का नाहीस?’

सिदरा म्हणाली, ‘आम्ही सांगत होतो, मॅडम. सर पुढे बोलू देत नाहीत.’

समितीचे अध्यक्ष अहवालाचं पान उलटत होते. आलेखावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं की सर, भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारीच असते ना. मी होय म्हटलं. भावेश सरांनी प्रोजेक्टर बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःहून केला. त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहिले.

संध्याकाळी ऑफिसात जाऊन फाइल उघडली. रकान्याचं नाव ‘संपर्क क्रमांक’ असंच आहे, माझं काही चुकलेलं नाही. त्याच्या आधी आणखी एक शब्द होता, त्यावर पंचिंगचं भोक पडलेलं आहे. अर्धा शब्द वाचता येतो. ‘पालकां...’

शनिवार, २० सप्टेंबर, सकाळ

सिदराच्या वडिलांचा, मुख्तारभाईंचा मेसेज: ‘सर, मला सिदराने सगळं सांगितलं. पोरीचे वीस मार्क जातील म्हणून मी लिहायला लागलो. तुम्ही बाळ बोललात तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण माझी शाळा सातवीला सुटली, त्यानंतर पहिल्यांदा कोणी शाब्बास बोललं, म्हणून गप्प बसलो. माफी असावी.’

मी अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला बाळ म्हणत होतो. माफी तो मागतो आहे.  शेवटी लिहिलं, ‘शाब्बास मी मनापासून म्हटलं होतं.’ या रोजनिशीत लिहिलेल्या गोष्टींत एवढी एक खरी निघाली.

शनिवार, दुपार

वडप्याला गेलो. कमळ म्हणाली, मी येऊ का? मी म्हटलं, नको. मग म्हटलं, ये. ती आली.

वाटेत चार मुद्दे काढले होते. पहिला मुद्दा रकान्याचा. तुळशीराम ओट्यावर बसले होते, हातात फोन, कुठल्या तरी ग्रुपवर फुलं टाकत होते. ते बघून मुद्दे विसरलो. सरळ सांगितलं, फुलं तुमच्याच फोनवरून येत होती, पूर्वीचा काही दोष नाही, सगळी चूक माझी.

त्यांनी फोन उलटा करून बाजूला ठेवला.  मग म्हणाले, ‘मीच टाकतो फुला. सगल्या ग्रुपवर टाकतो. तुमी आबासी का काय बोललात, मना वाटला कोना कोना पोरांना पाठवते. पोरगी रडत व्हती. बोलत व्हती, बाबा मी न्हाय. पन मना वाटला, सर खोटा कसा बोलतील.’

ओरडले असते तर बरं झालं असतं. मला तिथे बसवेना आणि उठवेना. कमळनेच विचारलं की उद्या पडघ्याला जाऊया का. ते म्हणाले, सकाळी नऊला गाडी काढतो.

रविवार, २१ सप्टेंबर

आबिदा मॅडमचा सकाळी फोन आला. पर्यवेक्षक म्हणून भावेश सरांचं नाव संस्थेकडे जाणार. मी अभिनंदन कळवा म्हटलं. ‘अर्थमंथन’ बंद करायचं. वीस गुण नव्याने, तोंडी परीक्षा घेऊन. मॅडम म्हणाल्या, तोंडी म्हणजे मुलांनी बोलायचं, सर. मी म्हटलं, हो.

नऊ वाजता स्कॉर्पिओतून पडघ्याला. मामांचं घर बाजाराच्या मागे. पूर्वी दारात आली, आम्हाला बघून आत गेली, पिशवी घेऊन बाहेर आली. तुळशीराम सॉरी वगैरे काही म्हणाले नाहीत. तिच्या हातातली पिशवी त्यांनी स्वतः घेतली आणि गाडीत ठेवली. मी बोर्डाचा फॉर्म नेला होता. मामींच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तिने सही केली. सहीखाली मी वर्गशिक्षक म्हणून सही केली. 

तिला म्हटलं, चुकलं माझं.  चहा झाला, निघालो.

परत येताना तुळशीराम गाडी चालवत होते, शेजारी कमळ, मागे मी आणि पूर्वी. हायवेवर ट्रकच ट्रक. थोड्या वेळाने पूर्वी म्हणाली, ‘सर, एक विचारू?’

बावीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. नीट सरसावून बसलो. म्हटलं, विचार ना.

तिने विचारलं, ‘मी वर्गात उभी राहून सांगत होते, ते तुम्ही का ऐकलं नाहीत?’

मी म्हटलं, चांगला प्रश्न आहे. आरशातून तुळशीराम माझ्याकडे बघत होते. कमळ पुढे बघत होती. पूर्वी थांबली होती, तिला खरंच उत्तर हवं होतं. वडपे आलं तरी ती माझ्याकडेच बघत होती.